मले तो भेटला

अकोल्याला आठवीच्या वर्गावर इंग्रजी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. फळ्यावर एक वाक्य लिहिलं. एक माणूस खूप वर्षांनी आपल्या गावी परत येतो आणि स्टेशनाबाहेर त्याला लहानपणचा मित्र भेटतो, एवढाच त्याचा मतलब. 'भेटतो' या जागी क्रियापद होतं एन्काउंटर. वाक्य मोठ्याने वाचून झालं आणि मागच्या बाकावरच्या एका पोराने अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, "सर, पण मित्राले काहून मारलं त्यानं?"

वर्गात कोणी हसलं नाही. तो प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. या पोरांनी एन्काउंटर हा शब्द पुस्तकात पहिल्यांदा वाचला असला तरी टीव्हीच्या बातम्यांत आणि सिनेमात कितीतरी वेळा ऐकला होता, आणि त्याचा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता: पोलिसांनी गुंडाला गोळ्या घातल्या. मी त्या दिवशी "एन्काउंटर म्हणजे अचानक भेट होणे" असं फळ्यावर लिहून पुढे गेलो. पण त्या पोराचं चुकलं नव्हतं. शब्दाच्या पोटात खरोखरच एक शत्रू बसलेला आहे, हे मला नंतर शब्दकोश चाळताना कळलं.

लॅटिन भाषेत 'काँट्रा' म्हणजे विरुद्ध, समोर. त्याला 'इन' जोडून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'समोर येणे' अशा अर्थाचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरलं. मध्ययुगात इंग्रजीत आलं तेव्हा त्याचा पहिला अर्थ होता शत्रूशी गाठ पडणं, दोन फौजा समोरासमोर येणं. नुसत्या अवचित भेटीचा सौम्य अर्थ त्यातून वाढत गेला. याच 'काँट्रा'चं एक भावंड फार सुंदर आहे. देश या अर्थाचा 'कंट्री' हा शब्दही तिथूनच निघाला: डोळ्यांसमोर पसरलेली जमीन, ती कंट्री. म्हणजे 'समोर' असण्यात मुळात वैर नाही. समोर शेत असू शकतं, मित्र असू शकतो, तोफही असू शकते. बँकेतला काउंटर मात्र या घरातला नाही. त्याचं मूळ हिशेब करण्याच्या क्रियापदात आहे. कानाला सारखे वाटणारे सगळे शब्द एका रक्ताचे नसतात.

समोर तोफ असलेलं एन्काउंटर आमच्या जिल्ह्यात घडलेलं आहे. तेल्हारा तालुक्यातलं अडगाव इंग्रजांच्या इतिहासात 'अरगाम' म्हणून नोंदलेलं आहे. २९ नोव्हेंबर १८०३ या दिवशी आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आपली फौज घेऊन या काळ्या मातीतून चालत होता. दुसरा इंग्रज सेनानी स्टीव्हन्सन याला येऊन मिळायचं आणि त्या दिवसापुरता मुक्काम टाकायचा, असा त्याचा विचार होता. सैनिक उन्हातून मोठी मजल मारून थकलेले होते. लढाई त्या दिवशीच्या बेतात नव्हती. पण पुढे पाहणी केली तर नागपूरकर भोसल्यांची आणि शिंद्यांची फौज अडगावच्या पुढे लांबच लांब रांगेत उभी दिसली. दुपार कलल्यावर वेलस्लीने हल्ल्याचा हुकूम दिला आणि अंधार पडेपर्यंत निकाल लागला होता. सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. अंजनगाव सुर्जी हे अमरावती जिल्ह्यातलं पानमळ्यांचं गाव इतिहासाच्या पुस्तकात बसलं ते एका संध्याकाळी दोन फौजा समोरासमोर आल्या म्हणून. इंग्रजी इतिहासकार अशा प्रसंगाला एन्काउंटर म्हणतात, तेव्हा तो शब्द आपल्या मूळ घरी असतो.

आजच्या इंग्रजीत तो कसा वापरतात? साध्या भेटीला 'मीट' पुरतं. मीट ठरवून होते, न ठरवताही होते, पहिल्या ओळखीलाही मीट म्हणतात. बोलताना अवचित भेट सांगायची तर इंग्रज माणूस 'बंप इन्टू' किंवा 'रन इन्टू' म्हणेल, म्हणजे अक्षरशः धडकलो, धावता धावता आदळलो. वस्तू किंवा पुस्तक हाती लागलं तर 'कम अक्रॉस'. एन्काउंटर हा या सगळ्यांत भारदस्त. तो लेखात, अहवालात, कादंबरीत शोभतो, भाजीबाजारात नाही. आणि त्यात आजही थोडी खळबळ शिल्लक आहे. संकट, अडचण, विरोध, अनोळखी प्रदेश, रानातलं जनावर, देव: यांच्याशी होते ती एन्काउंटर. रोज दूध घालणाऱ्या गवळ्याशी ती होत नाही. भेट निव्वळ योगायोगाची आणि निरुपद्रवी होती हे स्पष्ट करायचं असेल तर खुद्द इंग्रजांनाही पुढे 'चान्स' जोडून 'चान्स एन्काउंटर' म्हणावं लागतं.

आमची मुलं या शब्दापाशी एक चूक हमखास करतात. 'आय एन्काउंटर्ड विथ अ प्रॉब्लेम' असं लिहितात. क्रियापदाला 'विथ' लागत नाही, नामाला लागतो. ही चूक कुठून येते ते पाहिलं की मुलांवर रागावता येत नाही. मराठीत अडचणी'शी' सामना होतो, कोणा'शी' तरी गाठ पडते. तो 'शी' मुलं इमानदारीने बरोबर घेऊन जातात आणि त्याला इंग्रजीत 'विथ' म्हणून बसवतात.

एन्काउंटरला मराठीत चपखल एक शब्द शोधायला बसलो की हाताशी भराभर शब्द येतात आणि प्रत्येक जण थोडा थोडा चुकतो. 'भेट' फार गोड आहे. त्यात वस्तू देण्याचाही अर्थ आहे. 'योगायोग' हा प्रसंगाचा शब्द, माणसाचा नव्हे. (गंमत म्हणजे हाच शब्द बंगालीत 'संपर्क' या अर्थाने रोज वापरतात, आणि रवींद्रनाथांच्या एका कादंबरीचं नावही तेच आहे.) 'सामना' आता क्रिकेटचा झाला. जवळचा वाटतो तो 'गाठ'. दोऱ्याला पडते ती गाठ, तशी माणसांची पडते: "बाजारात त्याची गाठ पडली." हे 'पडणं' महत्त्वाचं, कारण पडणारी गोष्ट कोणी ठरवत नाही. आणि याच शब्दाची दुसरी बाजू बघा. "लक्षात ठेव, गाठ माझ्याशी आहे!" हे वाक्य ऐकून कोणी चहाला थांबत नाही. 'गाठणं' म्हणजे तर पाठलाग करून पकडणं. एकाच शब्दात दोस्ताची भेट आणि दुष्मनाची धमकी दोन्ही नांदतात, अगदी एन्काउंटरसारखीच.

'भिडणं' हा दुसरा. सैनिक शत्रूला भिडतो. कुस्तीच्या फडात पहिलवान एकमेकांना भिडतात. पण नजर नजरेला भिडते, आणि एखादं कीर्तन काळजाला भिडतं. 'आडवं येणं' हा तिसरा आणि मला सगळ्यांत आवडणारा. मांजर आडवं जातं, रस्त्यात नाला आडवा येतो, कामात साहेब आडवा येतो. रात्री धारणी-परतवाड्याच्या घाटात गाडीच्या उजेडात अस्वल आडवं येतं. त्याने काही आपल्याशी वैर धरलेलं नसतं, आपण त्याच्या वाटेवर असतो.

जंगलावरून आठवलं. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत आमचं मेळघाट होतं. आता दर चार वर्षांनी देशभर वाघांचा अंदाज घेतला जातो. त्याच्या पहिल्या टप्प्यात वनरक्षक आणि वनमजूर रानातल्या वाटांवरून पायी चालतात आणि पाऊलखुणा, विष्ठा, झाडाच्या खोडावरचे ओरखडे, जे जे दिसेल त्याची नोंद करतात. चाललेल्या अंतराच्या मानाने किती खुणा दिसल्या, या प्रमाणाला शास्त्रज्ञ 'एन्काउंटर रेट' म्हणतात. इथे शब्दातली सगळी वैरभावना गळून पडलेली आहे. उरलंय ते निखळ मोजमाप: किती किलोमीटर चाललो आणि वाटेत काय आलं. नुसत्या खुणा मोजून भागत नाही, चाललेलं अंतरही मोजायचं, हा त्या प्रमाणाचा गाभा आहे. वाटेत जे आलं त्याचंही मोजमाप करता येतं, हे मला फार सुंदर वाटतं.

पण इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधण्याची माझी धडपडच मुळात चुकीच्या वाटेवर होती. मराठीने हे काम शब्दाला दिलेलंच नाही. तिने ते विभक्तीला दिलंय.

दोन वाक्यं शेजारी ठेवा. "मी त्याला भेटलो." "मला तो भेटला." पहिल्यात मी कर्ता आहे. मी ठरवलं, निघालो, त्याचं दार वाजवलं. दुसऱ्यात मी कुठे निघालोच नव्हतो, किंवा निघालो होतो ते दुसऱ्याच कामाला. तो आला आणि मला भेटला. क्रियापदही त्याच्याच मागे जातं: तो भेटला, ती भेटली, ते भेटले. माझ्या वाट्याला फक्त 'ला' आला. क्रियापद एकच, माणसं तीच, भेट तीच. नुसती विभक्ती फिरली आणि हेतूच्या जागी योगायोग आला. बोलताना हे दोन्ही प्रकार कधी एकमेकांत मिसळतात, हे खरं. पण "काल तुला कोण भेटलं?" आणि "काल तू कोणाला भेटलास?" हे दोन प्रश्न घरी कोणी विचारून पाहावेत. पहिला कौतुकाचा आहे. दुसऱ्यात चौकशीचा वास येतो.

हा 'ला' एकट्या भेटण्यापुरता नाही. मी पाहिलं, मला दिसलं. मी शोधलं, मला सापडलं. मी ऐकलं, मला ऐकू आलं. प्रत्येक जोडीत पहिलं माझ्या मर्जीचं, दुसरं माझ्यावर येऊन पडलेलं. भूक, झोप, ताप, राग, आठवण, हे सगळं मराठीत 'मला' येतं किंवा लागतं. 'मी' ते करत नाही. इंग्रजीत जवळजवळ सगळीकडे 'आय'च कर्ता: आय अॅम हंग्री, आय सी, आय फाइंड, आय मीट. जिथे तिथे 'मी'च पुढे उभा असल्यामुळे, ही भेट माझ्या मनात नव्हती हे सांगायला त्या भाषेला वेगळं क्रियापद वापरावं लागलं. सोळाव्या-सतराव्या वर्षी व्याकरण शिकताना चतुर्थीचे प्रत्यय मी घोकून पाठ केले होते: स, ला, ते. एवढा मोठा तत्त्वविचार त्या 'ला'मध्ये आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

वऱ्हाडात या 'ला'चा 'ले' होतो. मले, तुले, त्याले, पोट्ट्याले. "मले तो भेटला." आणि वऱ्हाडीत भेटण्याचं राज्य प्रमाण मराठीपेक्षा कितीतरी मोठं आहे. आमच्याकडे नोकरी भेटते, सुट्टी भेटते, एसटीत बसायला जागा भेटते. "औंदा कपाशीले भाव भेटला नाई" हे वाक्य अकोटच्या बाजारात हंगामभर ऐकू येतं. पुण्याकडचे लोक याला चूक समजतात आणि 'मिळाला' म्हणा असं सुचवतात. हिंदीत माणूस आणि वस्तू दोन्ही 'मिलतात', त्याची सावली आमच्या बोलीवर पडली असेल, हे मला मान्य आहे. पण ज्याची सगळी शेती पावसावर, त्या कोरडवाहू माणसाला भाव हा रस्त्यात भेटणाऱ्या पाहुण्यासारखाच असतो. येईल तर येईल. मी त्याच्या घरी जाऊन त्याला आणू शकत नाही. या वाक्यात मला चूक दिसत नाही, अनुभव दिसतो.

आणखी एक. मुद्दाम भेटायला गेलेला वऱ्हाडी माणूस म्हणतो, "तुले भेटाले आलो." म्हणजे तोच 'ले' इथे हेतू दाखवतो. 'भेटाले आलो' यात 'ले' क्रियापदाला चिकटला आणि भेट ठरवून झाली. 'मले भेटला' यात तोच 'ले' माझ्या अंगाला चिकटला आणि भेट दैवाची झाली. ज्याच्या मागे 'ले' लागतो, त्याच्यावर सगळं अवलंबून. प्रमाण मराठीतही 'भेटायला' आणि 'मला' यांत हेच आहे, पण ते लक्षात यायला मला वऱ्हाडी ऐकावी लागली.

मराठी गद्याची सुरुवातच भेटींनी झाली, आणि ती इथून जवळच. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू नावाचे सत्पुरुष राहत होते. मराठी गद्याची सुरुवात ज्याने झाली त्या लीळाचरित्रात येणारी हकिगत अशी, की गुजरातेतल्या एका प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला निघाला. वाटेत रिद्धपूर लागलं. तिथे त्याला गोविंदप्रभू भेटले, त्यांच्याकडून प्रसाद आणि ज्ञानशक्ती लाभली, आणि पुढे तोच चक्रधरस्वामी म्हणून महाराष्ट्रभर फिरला. निघाला होता रामटेकला, आणि वाटेत रिद्धपूर लागलं. 'लागलं' हे क्रियापदही बघा. गाव लागतं, कोणी लावत नाही.

लीळाचरित्र चाळताना पहिल्यांदा काय जाणवतं, तर कितीतरी लीळांच्या नावाच्या शेवटी 'भेटि' हा शब्द येतो. अमक्याची भेटि, तमकीची भेटि. चक्रधर चालत राहतात. कोणी विहिरीवर भेटतं, कोणी देवळात, कोणी वाटेत. त्यातल्याच एका भेटीने हे पुस्तक जन्माला आलं. सराळ्याचा म्हाइंभट हा मोठा पंडित. विद्येचा अभिमान असलेला. तो चक्रधरांकडे आला तो वाद घालायला, त्यांना जिंकायला. लॅटिनमधल्या 'काँट्रा'चा अगदी शुद्ध नमुना म्हणावा असा समोर येऊन उभा राहिला. आणि शिष्य होऊन राहिला. चक्रधर गेल्यावर याच म्हाइंभटाने, ज्यांना ज्यांना ते भेटले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून, एकेक आठवण जमा केली. १२७८ च्या सुमारास रिद्धपूरला हे लेखन झालं. अवचित भेटींचं पुस्तक लिहायला एका माणसाने ठरवून केवढ्या भेटी घेतल्या! 'मला तो भेटला' असं सांगणारी माणसं शोधायला 'मी त्यांना भेटायला गेलो' असं म्हणणारा कोणी लागतो.

शेगावची गोष्ट तर सगळ्या वऱ्हाडाला पाठ आहे. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी रस्त्यावर टाकलेल्या पत्रावळींतलं अन्न वेचून खाणारे गजानन महाराज बंकटलाल अगरवाल यांना दिसले, असं परंपरा सांगते. तो दिवस दरवर्षी प्रकटदिन म्हणून पाळला जातो. बंकटलालांनी त्यांना शोधलं असं कोणी म्हणत नाही. त्यांना ते 'दिसले'. भाविकाच्या तोंडी व्याकरण आपोआप बरोबर येतं.

इथे इंग्रजीतल्या दुसऱ्या एका शब्दाची आठवण होते. १७५४ सालच्या जानेवारीत होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने एका पत्रात 'सेरेंडिपिटी' हा शब्द घडवला. सेरेंडिप हे सिंहलद्वीपाचं जुनं फारसी-अरबी नाव. तिथले तीन राजपुत्र एकाच्या शोधात निघतात आणि न शोधलेलं काहीतरी सापडत जातं, अशी गोष्ट त्याने वाचली होती. एन्काउंटर हा भेटीचा शब्द, सेरेंडिपिटी हा सापडण्याचा. मराठीला दोन्हींसाठी तोच एक 'ला' पुरला.

आता त्या मागच्या बाकावरच्या पोराच्या प्रश्नाकडे यावं लागेल.

११ जानेवारी १९८२ ला मुंबईत वडाळ्याला मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईतलं पहिलं एन्काउंटर म्हणून त्याचा उल्लेख होतो. शब्द त्याआधीपासून नक्षलवादी चळवळीच्या बातम्यांत बंगाल-आंध्रात रुळला होता. नव्वदच्या दशकात तो मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोजचा झाला. मराठी पत्रकारांनी त्याला 'चकमक' हा प्रतिशब्द वापरला, आणि तो नेमका आहे. चकमक हा तुर्की शब्द. गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडायचं साधन. दोन वस्तू एकमेकींवर आदळल्याशिवाय ठिणगी पडत नाही. पोलिसांच्या अहवालाचा दावा हाच असतो: आम्ही पकडायला गेलो, समोरून गोळीबार झाला, आम्ही उत्तर दिलं. दोन्हीकडून, आणि आधी न ठरलेलं.

पण लोक काय म्हणतात ते ऐका. "त्याचं एन्काउंटर केलं." अमुक 'शी' एन्काउंटर झालं असं म्हणत नाहीत. 'त्याचं' आणि 'केलं'. षष्ठी आणि सकर्मक क्रियापद. कोणाचं ऑपरेशन करावं, कोणाची बदली करावी, तसं कोणाचं एन्काउंटर करायचं. अहवालाचा दावा नामात राहिला आणि लोकांचा संशय क्रियापदात उतरला. न ठरवता होणाऱ्या भेटीचा शब्द आमच्या भाषेत आला आणि ठरवून करण्याच्या कृतीचा झाला. कोणी भाषातज्ज्ञाने हे केलं नाही. चहाच्या टपरीवर, पेपर वाचता वाचता, लाखो माणसांनी एकेका वाक्यात ते केलं.

मुंबईतल्या १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींचा आणि त्यांत मेलेल्या सुमारे १३५ माणसांचा प्रश्न एका नागरी हक्क संघटनेने न्यायालयात नेला होता. २३ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल देताना सोळा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. अशा प्रत्येक मृत्यूत गुन्हा नोंदवला पाहिजे, तपास वेगळ्या यंत्रणेकडून किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाला पाहिजे, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी झाली पाहिजे. शिक्षकाच्या नजरेने पाहिलं तर न्यायालय एक व्याकरणाचाच प्रश्न विचारत होतं: हे झालं, की केलं? आणि त्याचं उत्तर दर वेळी पुराव्याने द्या, असं सांगत होतं. माणसाचा जीव या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत असतो. म्हणून मुलांना हा शब्द शिकवताना मी त्याचा हा अर्थ गाळत नाही. तो गाळला तर शब्द अर्धा शिकवला जातो, आणि देशही.

तरीही शब्दाची दुसरी बाजू मुलांच्या कानावर पडावी असं फार वाटतं. त्यासाठी मी त्यांना एका जुन्या सिनेमाची गोष्ट सांगतो. डेव्हिड लीन या दिग्दर्शकाचा १९४५ सालचा 'ब्रीफ एन्काउंटर'. सगळा सिनेमा एका लहानशा रेल्वे स्टेशनाभोवती फिरतो. गाडी धडधडत जाते, फलाटावरच्या बाईच्या डोळ्यात इंजिनाच्या कोळशाचा कण जातो, स्टेशनावरच्या चहाच्या खोलीत बसलेला एक अनोळखी डॉक्टर रुमालाच्या टोकाने तो काढतो. एवढीच भेट. तिच्यातून दोन संसारी माणसांच्या मनात जे उठतं, तो सिनेमा.

डोळ्यात गेलेला कोळशाचा कण आमच्या भागातल्या मोठ्या माणसांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मूर्तिजापूरहून दोन दिशांना फुटणारी शकुंतला, नॅरोगेजची छोटी गाडी, एकीकडे ७६ किलोमीटरवर अचलपूर, दुसरीकडे ११३ किलोमीटरवर यवतमाळ. कापूस वाहायला म्हणून 'किलिक निक्सन' या इंग्रज कंपनीने बांधलेली. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन ओढत होतं, पुढे डिझेल आलं, आता गाडीच बंद आहे आणि रूळ रुंद करा ही मागणी जुनी झाली आहे. तिचा वेग इतका कमी, की चालत्या गाडीतून शेतातल्या माणसाशी बोलणं व्हायचं. "काय बाप्पा, कुठी चालले?" "पोरीले भेटाले!" तोवर डबा पुढे जायचा. मूर्तिजापूरला मोठी गाडी यायला वेळ असे. फलाटावर दर्यापूरचा माणूस कारंज्याच्या माणसाला भेटे, आणि विचारपूस करता करता दोघांचं कुठेतरी नातं निघे. वऱ्हाडात कितीतरी लग्नं त्या फलाटावर जुळली असतील. बसने तासाभरात पोचणाऱ्या माणसाला वाटेत कोणी भेटायला वेळच होत नाही.

मागच्या वर्षी अमरावतीजवळच्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. सातवीच्या मुलांना मी एक इंग्रजी वाक्य दिलं: मूर्तिजापूर स्टेशनावर मामा एन्काउंटर झाला, अशा अर्थाचं. कोणतंही पुस्तक न उघडता, घरी बोलता तसं मराठी करा म्हटलं. बहुतेकांनी 'अचानक' हा शब्द घालून लिहिलं. एका मुलीने तो घातला नव्हता. तिने लिहिलं होतं, "मूर्तिजापूरच्या टेसनावर मले मामा भेटला."

मी ते फळ्यावर लिहिलं आणि 'मले'खाली रेघ ओढली. अचानक हा शब्द तिला का लागला नाही, ते वर्गाला समजावून सांगितलं. ती उभीच होती. काहीतरी मनात घोळत होतं तिच्या. मग म्हणाली, "पण सर, मामालेही मालूम नव्हतं ना, मी तेथी येईन म्हणून. मंग मामाच्या घरी मामा काय सांगन? मामाले मी भेटली."

मी खडू तिच्या हातात दिला. तिने मी लिहिलेल्या वाक्याखाली मामाचं वाक्य लिहिलं.